यंत्रच पुस्तक वाचून दाखवायला लागलं तर ऑडिओबुक कोण घेणार?

मांजरातीर (अंबाजोगाई), शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा जरा घरगुती आहे, सांभाळून घ्या.

आईचं वय ७६. एका डोळ्यात काचबिंदू, दुसऱ्याचा पडदा गेलेला. मुकुंदराजांच्या गावातली बाई. दर श्रावणात आमच्या ओसरीवर ती पोथी वाचायची आणि गल्लीतल्या पंधरा-वीस जणी ऐकायला यायच्या. दोन वर्षांपूर्वी वाचन सुटलं, तशी ती गप्प गप्प राहायला लागली. दिवाळीत भावाने ई-रीडर पाठवला, अक्षर मोठं करून वाचेल म्हणून. तिला दिसेल एवढं अक्षर केलं तर एका पानावर सहा शब्द मावतात. "एक ओळ वाचायला दोन पानं उलटायची का गं," म्हणाली आणि ठेवून दिला. सध्या तो माझ्या मुलीच्या दप्तरात असतो.

मग मी फोनवरच पुस्तक उघडलं आणि फोनलाच वाचायला लावलं. गूगलचा मराठी आवाज, बाईचा. आईने पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "पोरगी कुठली आहे ही? वाचते बरी, पण हिला शिकवलंय कुणी?" वाक्य होतं 'म्हातारा वावरात जात नव्हता', आणि पोरगीने 'जात' वाचलं ते दाखल्यावरच्या जातीसारखं. आई बसल्या जागेवरून ओरडली, "जात नव्हे गं, जात!" (लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात, मोठ्याने म्हणून बघा.) तेव्हापासून रोज दुपारी हा तास चालतो. यंत्र वाचतं, आई दुरुस्त करते. मी शाळेतून आले की दिवसभराच्या चुका मला सांगते.

प्रश्न असा की माझा मावसभाऊ ऑडिओबुकं वाचतो. त्याचं घर त्यावर चालतं. त्याला हौसेने हे सांगायला गेले तर म्हणाला, "ताई, तू रोज दुपारी माझ्या ताटातली भाकरी काढतेस." चेष्टेत म्हणाला, पण सगळंच चेष्टेत नव्हतं. ई-बुकाचे पैसे मी भरलेत. ते मी डोळ्यांनी वाचलं काय आणि यंत्राकडून वाचून घेतलं काय, ऑडिओबुकवाल्याचं त्यात नुकसान होतं का?


बाळूशेठ (हिंगोली), शनिवार, रात्री १०.०५

हुरडा भाजायला घेतलाय. चालू द्या.


नोटरी (बीड), रविवार, सकाळी ७.१५

ताई, हे भांडण जुनं आहे आणि ते आधी अमेरिकेत होऊन गेलंय.

फेब्रुवारी २००९मध्ये अमेझॉनने किंडल २ हा ई-रीडर आणला, किंमत ३५९ डॉलर. त्यात सोय होती की पुस्तक यंत्राच्या आवाजात ऐका. तिथल्या लेखकांच्या संघटनेने, ऑथर्स गिल्डने, लगेच हरकत घेतली. ई-बुकाचे हक्क आम्ही वेगळे विकतो, ध्वनीचे वेगळे. एकाचे पैसे देऊन दोन्ही कसे वापरता, हे त्यांचं म्हणणं. संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष रॉय ब्लाउंट ज्युनियर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून हीच बाजू मांडली. अमेझॉन म्हणालं आम्ही कायद्यात बसतो, आणि एवढं म्हणून त्याच महिन्यात, २७ फेब्रुवारीला, माघार घेतली. आवाज चालू ठेवायचा की बंद, हे पुस्तकागणिक हक्कदाराने ठरवावं, असं ठरलं. काही मोठ्या प्रकाशकांनी बटण बंद केलं. कोर्टात कुणी गेलंच नाही, त्यामुळे मूळ प्रश्नाचा निकाल लागायचा तो राहिलाच. वकिलाला अशी तडजोड म्हणजे अर्ध्यात उठवलेलं ताट.

आता ही गोष्ट ध्यानात घ्या की ज्या ऑडिबलकडे ऑडिओबुकांचा सगळ्यात मोठा धंदा होता, ती कंपनी अमेझॉननेच २००८मध्ये विकत घेतली होती. एका हाताने ऑडिओबुक विकायचं, दुसऱ्या हाताने फुकट वाचून दाखवायचं. २०१२च्या किंडल पेपरव्हाइटमध्ये तर स्पीकरच नव्हता. कारण काय ते त्यांनाच माहीत. मी आरोप करत नाही, तारखा सांगतो.

दुसरी बाजू एप्रिल २००९मध्ये रस्त्यावर आली. तिथल्या दृष्टिहीनांच्या संघटनेने, नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडने, गिल्डच्या न्यूयॉर्कच्या कचेरीसमोर निदर्शनं केली. आम्हीही पैसे देऊनच पुस्तक घेतो, मग ते आमच्यासाठीच मुकं का? पण हीच संघटना त्याच वर्षी किंडलच्याही विरोधात उभी राहिली. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी किंडल डीएक्सवर पाठ्यपुस्तकं देणार होती. त्यात पुस्तक बोलायचं, पण पुस्तकापर्यंत नेणारा मेनू बोलायचा नाही. म्हणजे आधी डोळस माणसाला हाक मारा, पुस्तक उघडून घ्या, मग स्वावलंबी व्हा. दावा झाला, जानेवारी २०१०मध्ये मिटला.

माझं मत विचाराल तर फोन वाचतो तेव्हा आवाज हवेत जातो, त्याची प्रत मागे राहत नाही. घरात आईसाठी वाचणं हा जाहीर प्रयोगही नाही. भंग कशाचा? शिवाय आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलं. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तक बदलून देणं, नफा न घेता, हा गुन्हा नाही. दृष्टिहीनांना वाचता येतील अशी पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला मराकेश करार २०१३चा. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४मध्ये. आईंचा दुपारचा तास निर्धास्त चालू ठेवा.


शाईपेन (जालना), रविवार, सकाळी ९.३०

कायदा काहीही म्हणो. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. भाकरी थापता थापता कानावर पडलेलं पुस्तक हे पुस्तक वाचलं म्हणून यादीत धरणाऱ्या पिढीचं काय करायचं? यंत्राचं असो नाहीतर माणसाचं, दोन्ही मला सारखंच.


मांजरातीर, रविवार, सकाळी १०.१०

शाईपेन, आमच्या ओसरीवर वाचणारी एक असायची आणि ऐकणाऱ्या वीस. त्या विसांतल्या निम्म्या जणींना अक्षरओळख नव्हती. अध्यायच्या अध्याय तोंडपाठ, आणि आई एखादी ओवी चुकली की मागून आवाज यायचा, "काकू, मधली सुटली." त्यांनी पुस्तक वाचलं नाही असं म्हणायचं असेल तर तुम्ही येऊन म्हणा. मी चहा ठेवते.


बाळूशेठ, रविवार, सकाळी १०.१२

हुरडा करपला.


कंठस्थ (छत्रपती संभाजीनगर), रविवार, दुपारी १.५०

ताईचा तो मावसभाऊ मीच. पकडला गेलोच आहे तर बोलतो.

२००९च्या त्या किंडलचा आवाज मी ऐकलाय. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बातम्या द्याव्यात तसा. त्याला घाबरायचं काही कारण नव्हतं. पुढे अमेरिकेत ऑडिओबुकांची कमाई २०२१पर्यंत सलग दहा वर्षं दोन आकडी टक्क्यांनी वाढत गेली. पण हा आकडा माझ्या तोंडावर फेकून "बघ, काही झालं नाही" म्हणू नका. ती वाढ स्मार्टफोनमुळे झाली. यंत्र वाईट वाचत होतं म्हणून आम्ही वाचलो. आता यंत्र वाईट वाचत नाही.

मी काम कसं करतो ते सांगतो. सिडकोत भाड्याच्या दोन खोल्या. कपड्यांचं कपाट रिकामं करून त्यात बसतो. तिन्ही बाजूंना आजीच्या गोधड्या, समोर माईक. पंखा बंद, कूलर बंद, दोन्ही माईकमध्ये येतात. मे महिन्यात ४२ डिग्रीत बनियनवर, कारण शर्टाची बाही घासली तरी ऐकू येते. तोंड सुकलं की जीभ टकटक करते, म्हणून हिरव्या सफरचंदाची फोड जवळ ठेवायची. एक तासाचं तयार पुस्तक म्हणजे माझे रेकॉर्डिंगचे अडीच तास आणि मग श्वास, घोट, खुर्चीची करकर कापत बसायचे तीन. गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्याने बोअर घेतला. दीड दिवस गाडी उभी, सहाशे फूट. त्याला पाणी लागलं नाही, मला मुदत गाठता आली नाही. दोघंही संध्याकाळी गच्चीत बसून राहिलो.

यंत्राला घाम येत नाही आणि बोअरची गाडी ऐकू येत नाही. एवढंच माझं दुखणं.

पण ताई, त्या दिवशी तुला बोललो ते मागे घेतो. मावशी जी पुस्तकं ऐकते त्यांची नावं मी तुझ्याकडून घेतली होती ना, एकेक शोधून बघितली. अकरांपैकी एकाचंही ऑडिओबुक नाही. कुणी करणारही नाही. शंभर-दोनशे प्रती खपणाऱ्या पुस्तकाला आठ-दहा तासांचा स्टुडिओ आणि माझा मेहनताना परवडत नाही. तिथे माझी भाकरी नव्हतीच, तर तू काढशील कुठून?

मला भीती वेगळ्याची वाटते. तुझा फोन वाचतो आणि विसरतो. पण यंत्राच्या आवाजात एकदा फाईल करायची, मुखपृष्ठ लावायचं आणि 'ऑडिओबुक' म्हणून माझ्या शेजारी दुकानात मांडायची, हा वेगळा धंदा आहे. २०२३मध्ये अ‍ॅपलने डिजिटल निवेदनाची, म्हणजे यंत्राने वाचलेली, पुस्तकं दुकानात आणली. त्याच वर्षी अमेझॉनने स्वतःची पुस्तकं स्वतः काढणाऱ्या लेखकांना 'व्हर्च्युअल व्हॉइस' देऊ केला. तिथे निदान तसं लिहिलेलं असतं. गेल्या वर्षी मला एका कंपनीने बोलावलं. तीन तास नमुना वाचा, एकरकमी पैसे घ्या. रक्कम चांगली होती, बायकोने स्कूटीचा हप्ताही मनात धरला. करारात बारीक अक्षरात होतं की हा आवाज कुठल्याही तंत्राने, कुठेही, कायमचा वापरता येईल. म्हणजे माझ्याच गळ्याने माझी पुढची सगळी पुस्तकं फुकटात वाचायची. सही न करता उठलो. तीन तासांचे पैसे गेले याचं आजही वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.


नोटरी, रविवार, दुपारी २.३०

न उठता सही केली असती तर मी शिव्या घातल्या असत्या. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिलाय. त्यांच्या परवानगीशिवाय एआयने त्यांच्या आवाजाची नक्कल करायला मनाई. पण तो बिनपरवानगीचा मामला होता. स्वतःच्या हाताने लिहून दिलंत की कोर्टही काय करणार? असा करार आला तर 'कायमचा' आणि 'कुठल्याही तंत्राने' हे दोन शब्द आधी खोडायला लावा, मग रकमेचं बोला.


सहाठिपके (नांदेड), रविवार, रात्री ८.२०

सगळे माझ्याबद्दल बोलताय, मी आल्याशिवाय कसं चालेल. मी जन्मापासून अंध. बँकेत नोकरीला आहे. हा धागाही यंत्रच मला वाचून दाखवतंय. मांजरातीर, तुमच्या दोन्ही 'जात' मला एकसारख्या ऐकू आल्या, विनोद कळायला जरा वेळ लागला.

संगणकावर एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यात ईस्पीकचा यांत्रिक आवाज वापरतो. अगदी सपाट, धातूचा. मुद्दाम तोच ठेवलाय. वेग इतका असतो की शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी म्हणतात, "डबीत भुंगा कोंडलाय का?" नवे गोड आवाज त्या वेगाला घरंगळतात, हा सपाट आवाज शब्द सोडत नाही. कर्जाचं परिपत्रक वाचायला अभिनय कशाला हवा? पण गोष्ट, कादंबरी, आत्मचरित्र मला माणसाकडूनच हवं. एक पुस्तक तर मी दोनदा विकत घेतलंय. खात्यांतर्गत परीक्षेसाठी ई-बुक आणि मग रेल्वेत ऐकायला त्याचंच ऑडिओबुक. कंठस्थ, वाचणारे तुम्हीच होतात की काय कोण जाणे.

शाईपेन, तुमच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मी ब्रेलमुळे शिकलो. आमच्यात नुसतं ऐकून वाढलेली पोरं 'शिक्षण' कसं लिहायचं विचारतात. बोटाखालून अक्षर गेलं पाहिजे, हे मीही मानतो. पण हा वाद ब्रेल पुस्तक मिळत असेल तर करायचा. पाऊणशे पानांचं पुस्तक ब्रेलमध्ये केवढं जाड होतं ते एकदा उचलून बघा.

आता खरं दुखणं. अमेरिकेत भांडण झालं ते बटण चालू की बंद यावर. आमच्याकडे बटणापर्यंत जातंय कोण? मराठी पुस्तकाची पीडीएफ मिळते, मी आनंदाने उघडतो, आणि यंत्र वाचतं: "डॉलर, स्लॅश, कंस सुरू, कॅपिटल के, क्यू, टक्के." पानामागून पान. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स तशाच, जुनी सरकारी पत्रकं तशीच. निम्मी पुस्तकं तर पानांचे फोटो, त्यात अक्षरच नसतं. यंत्र म्हणतं, "रिक्त पृष्ठ." तीनशे रुपये देऊन घेतलेलं रिक्त पृष्ठ. सुगम्य पुस्तकालय, आमच्यासारख्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय, २०१६पासून आहे, त्यावर बरंच मिळतं, पण तिथे पुस्तक पोचायला आधी कुणीतरी बसून ते टंकावं किंवा तपासावं लागतं. माझ्या बायकोने लग्नाच्या पहिल्या वर्षात मला चार पुस्तकं टंकून दिली. पाचव्याला म्हणाली, आता पुरे, साडी घ्या.


खिळेजुळारी (लातूर), रविवार, रात्री ११.०५

सहाठिपके सर, हे पाप आमच्या हातचं आहे. कबूल करायलोय.

गंजगोलाईच्या मागं २६ वर्षं डीटीपी करायलोय. श्रीलिपी, कृतिदेव, सगळे फाँट हाताखालून गेलेत. तुम्हाला डॉलर-स्लॅश का ऐकू येतंय ते सांगतो. ह्या जुन्या फाँटात 'क' नावाचं अक्षरच नसतंय. इंग्रजी कळीच्या जागेवर क-चं चित्र बसवलेलं असतंय. कागदावर क उमटला, गिऱ्हाईक खूश, काम संपलं. यंत्र चित्र बघत नाही, मागचा नंबर बघतंय, आणि नंबर डॉलरचा निघतोय. त्यात पुन्हा पहिली वेलांटी. जुन्या फाँटात ती अक्षराच्या आधी टाईप करावी लागायची, कारण दिसती आधी. युनिकोडात, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर असलेल्या नव्या पद्धतीत, ती अक्षराच्या नंतर साठवली जाती. रफाराचं ह्याच्या उलटं. म्हणून बदलायचं सॉफ्टवेअर लावलं तरी जोडाक्षरं लंगडत येतात, आणि मग ओळन् ओळ बघत बसा.

मग आधीच युनिकोडात का करत नाही म्हणाल, तर आमच्या इथल्या कितीतरी प्रेसला अजून पेजमेकर ७ चालतंय. पानं जुळवायचं २००१चं सॉफ्टवेअर. त्याला युनिकोड कळत नाही. पण कामगाराचा हात त्यावर बसलाय, जुन्या दहा हजार फाईली त्यात पडल्यात, आणि प्रकाशक पानामागं पैसे देतोय. नव्यानं प्रूफ वाचायचे कोण देणार? आमच्या दुकानात लोक लग्नपत्रिकेला दोनशे रुपये जास्त देतील, पुस्तकाला वीस देत नाहीत.

लेखक लोकांना वाटतंय प्रकाशकानं आवाजाला कुलूप लावलंय. कुलूपबिलूप कुणी लावलं नाही. भिंतीला दारच काढलं नव्हतं.


करडई (परभणी), सोमवार, सकाळी ६.४५

रात्रभर हा धागा डोक्यात होता, म्हणून लिहितो.

माझा एक कथासंग्रह आहे. २०११ साली आला, ३०० प्रती. चाळीस अजून पलंगाखाली आहेत, त्यातल्या सहा उंदरांनी वाचल्या. पाचेक वर्षांनी प्रकाशकाने ई-बुक काढायचं म्हटलं. मी शहाणपणाने करारावर हाताने लिहिलं की ध्वनीचे सर्व हक्क लेखकाकडे, यंत्राने वाचून दाखवण्यासही मनाई. अमेरिकेतल्या त्या भांडणाची बातमी वाचलेली होती, म्हटलं आपणही सावध असावं. सही करताना फार रुबाब वाटला. इतक्या वर्षांत ते राखून ठेवलेले हक्क मागायला एक माणूस आला नाही. आणि आता कळतंय की ई-बुक म्हणून छपाईचीच पीडीएफ चढवली होती. मी मनाई केली त्या गोष्टीला तोंडच नव्हतं.

लेखकांची भीती खोटी नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो. पुस्तकातून मला आजवर मिळालेली एकूण रक्कम एका बैलाच्या औषधपाण्यात गेली. मिळकत इतकी थोडी असली की माणूस न मिळणाऱ्या पैशावरही पहारा देतो.

खिळेजुळारी, संग्रह लातुरातच जुळवला होता. वर्ष २०११, मुखपृष्ठावर चुलीचं चित्र. फाईल कुठे असेल का? प्रकाशन बंद पडलंय, हक्क लेखी माझ्याकडे परत आलेत. नोटरीसाहेबांना हवं तर कागद दाखवतो. मांजरातीर, तुमच्या आईंना चालणार असेल तर त्यांच्यापासून सुरुवात करू. भाषा आपल्याकडचीच आहे.


खिळेजुळारी, सोमवार, दुपारी १२.३०

चुलीचं चित्र मीच लावलं होतं की! फाईल सीडीवर आहे, सीडी बुरशी लागलेली आहे. प्रयत्न करतो. पैसे नकोत, पण प्रूफ कुणीतरी वाचा, माझे डोळे गेलेत आता.


शाईपेन, सोमवार, दुपारी ३.००

प्रूफ मी वाचतो. ऐकून नव्हे, वाचून.


मांजरातीर, पुढचा रविवार, रात्री ९.१५

अहवाल. फाईल गुरुवारी आली, शाईपेन यांनी पहिल्या दोन कथा तपासून दिल्या, शुक्रवारी दुपारी आईच्या तासाला लावली.

पहिली कथा सुरळीत गेली. दुसरीत लग्नाची पंगत आहे. पोरगीने वाचलं, "आचार्याने कढई उतरवली आणि बायकोला शिवी हासडली." आईने हात वर करून थांबवलं. "कोण आचार्य गं हा?" मूळ शब्द आचारी, म्हणजे 'आचाऱ्याने'. फाईल बदलताना र-ची ती आडवी चंद्रकोर मोडली आणि रफार होऊन वर बसली. स्वयंपाक्याचा पंडित झाला. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. आता घरात कुकरची शिट्टी झाली की "बघ गं, आचार्य बोलावतायत" असं चाललंय. (शाईपेन, हा तुमच्या नजरेतून कसा सुटला?)

आणखी एक. तुमच्या पात्रांचं बोलणं यंत्राला पेलत नाही, करडई. 'काय करूलालास' (काय करतोयस) हे तिने असं वाचलं की जणू एखाद्या गृहस्थाचं आडनाव आहे. कथेत नवऱ्याला ती बाई विचारते ना, रागाने नाही, थकून, "जेवूलालास का?" तिथे पोरगीने रेल्वेची घोषणा केली. आईने दोनदा मागे घ्यायला लावलं. मग स्वतःच ते वाक्य म्हणून दाखवलं, मान न उचलता, ताटाकडे बघत. पुढे म्हणाली, "बाकीच्या कथा ही वाचू दे. ही एवढी तुझ्या भावाला सांग."


कंठस्थ, रविवार, रात्री ९.४०

मावशीने सांगितल्यावर नाही कसं म्हणू. पण करडई, फुकट करणार नाही, स्पष्ट सांगतो. कथा किती पानांची?


करडई, रविवार, रात्री १०.०२

चौदा पानं. फुकट मागतही नाही. तुमचा तासाचा दर व्यक्तिगत निरोपात कळवा, तो ऐकून मग बसतो. करडई निघाली की पैसे.


कंठस्थ, रविवार, रात्री १०.१०

चौदा पानं म्हणजे पाऊण तास तयार. दर कळवलाय. 'जेवूलालास' परभणीकडे म्हणतात तसं म्हणू की लातूरकडे? फरक आहे. एकदा फोनवर म्हणून दाखवा. आणि पुढच्या आठवड्यात शेजारी दुसरा बोअर घेतोय, त्याच्या आत उरकू.


नोटरी, रविवार, रात्री १०.१५

दोघांनी दोन ओळींचा कागद करा. आवाज फक्त या कथेसाठी, हे लिहा. माझी फी हुरडा.


बाळूशेठ, रविवार, रात्री १०.१६

करपलेला आहे.


सहाठिपके, रविवार, रात्री ११.३०

फाईल मलाही मिळाली, आभार. माझ्या भुंग्याने अख्खा संग्रह एका रात्रीत संपवला. खिळेजुळारी सर, आचार्य पान ३१ वर सुधारलेत, पण ११२ वर अजून एक बसलेत. आणि ८७ वर 'दर्या' आलंय, तिथे डोंगराच्या दऱ्या हव्यात. बालाघाटात समुद्र घुसलाय.